विहिरीतले मुत्तात

लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळूरला आले. सासरच्या सगळ्या माणसांची ओळख करून झाल्यावर नवऱ्याने मला मागच्या अंगणात नेलं, विहिरीत वाकून बघायला लावलं आणि म्हणाला, "हे आमचे मुत्तात. नमस्कार कर."

मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा चाललीय. खाली नुसतं काळं पाणी दिसत होतं. मग त्या पाण्यातून डुकराच्या नाकपुड्यांसारखं एक एवढंसं नाकाड वर आलं, फुस्स करून श्वास घेतला आणि पुन्हा बुडालं. कासव होतं. मुत्तात म्हणजे कानडीत पणजोबा. पणजोबांना नमस्कार न करून सांगते कोणाला! मी मुकाट्याने हात जोडले.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. घर चिकपेटेतल्या एका बोळात होतं. पुढे कापडाचं दुकान, त्याच्या मागे राहतं घर, घरामागे अंगण आणि विहीर. माणसं मराठी, पण तीनशे वर्षांमागे इकडे येऊन मुरलेली. "स्वल्प सरकून बस गं," "सरी, आता जेवून घे" असली त्यांची कानडी शब्द मिसळलेली मराठी ऐकून मला हसू दाबावं लागायचं. माझी मराठी ऐकून ते तर दाबायचेही नाहीत, सरळ हसायचे. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं आणि सासूबाईंना अक्का. त्यांची मुलंसुद्धा तसंच म्हणायची, मग मीही म्हणू लागले.

कासवाची कथा मला अण्णांनी सांगितली, आणि एकदा नाही, निदान वीसदा. त्यांच्या आजोबांनी विहीर खणली तेव्हा पाणी स्वच्छ राहावं म्हणून तिच्यात एक कासव सोडलं. तशी पद्धतच होती. पुढे आजोबा गेले, पण कासव राहिलं, आणि घरात म्हणू लागले की आजोबा काही लांब गेलेले नाहीत, इथेच आहेत. अण्णांना मुलं व्हायला लागली तसं त्यांच्या नात्याने त्याचं नाव मुत्तात पडलं. रोज सकाळी अंघोळ झाली की अण्णा भाताची मूठ घेऊन विहिरीवर जायचे, भात टाकायचे, हात जोडायचे आणि मगच दुकान उघडायचे. एक दिवस चुकला नाही.

मी प्राणिशास्त्र शिकलेली. कॉलेजात कासवाच्या सांगाड्याची चित्रं काढून काढून बोटं दुखलेली. मला राहवायचं नाही. ते जगतं किती, खातं काय, विहिरीत एकट्याने करतं काय, असले प्रश्न मी विचारत सुटायचे. अण्णा म्हणायचे, "पुण्याची शहाणी आली." अक्का काहीच म्हणायच्या नाहीत. विहिरीचा विषय निघाला की त्यांना स्वयंपाकघरात हटकून काहीतरी काम निघायचं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण आलं नाही.

तिसऱ्या वर्षी, संक्रांतीच्या आधी महिनाभर, अक्का विहिरीपाशी शेवाळावर घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आलं. नळ होता, पण धुण्याभांड्याला विहिरीचंच पाणी लागायचं आणि ते अक्काच काढायच्या, दुसऱ्या कोणाला दोराला हात लावू द्यायच्या नाहीत. आता ते काम माझ्याकडे आलं. आजूबाजूला सगळ्यांनी बोअर मारल्यामुळे पाणी खोल गेलं होतं. माझी बादली थेट तळाला टेकून गाळासकट वर आली. त्या गाळात लहान लिंबाएवढा एक पांढराशुभ्र गोल चेंडू होता.

शेजारच्यांचा पिंगपाँगचा चेंडू असेल, असं समजून मी तो भिंतीपलीकडे टाकायला गेले. तो भिंतीवर आपटला आणि फुटला. पिवळा बलक ओघळला. मी बघतच राहिले. अगंबाई, अंडं! हात धुवायचंही भान राहिलं नाही, तशीच आत धावले आणि ओरडले, "अक्का, मुत्तातांनी अंडं घातलं!"

अक्का डाव्या हाताने शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हं. येतात वर्षातून दोनचारदा. तुळशीत पुरून टाक आणि ओरडू नकोस, दुकानात ऐकू जाईल."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मुत्तात बाई आहेत?"

"पाणी कोण काढतं इतकी वर्षं?" एवढंच बोलून त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या.

मला हसू आवरेना. त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींत तिला मुत्तज्जी म्हणू लागलो, म्हणजे पणजी. अण्णांसमोर अर्थातच मुत्तात.

पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो लागलाच. कब्बन पार्कातल्या वाचनालयात मी चार दुपारी घालवल्या आणि जाडजूड पुस्तकांतून ती शोधून काढली. पाठ पोळपाटासारखी गुळगुळीत, मागच्या पायांवर दोन झापा. पाय आत घेतले की दारं लावल्यासारख्या त्या मिटतात. हे तळ्यातलं, दलदलीतलं कासव. मासे, गोगलगाई, मेलेलं काहीबाही, सगळं खातं, म्हणून पाणी स्वच्छ राहतं. तळं आटलं की चिखलात स्वतःला गाडून घेतं आणि पाऊस येईपर्यंत तसंच पडून राहतं. अंडी मात्र पाण्यात घालत नाही. त्यासाठी काठावर येऊन मऊ माती उकरतं. आमच्या विहिरीला तर चारी बाजूंनी दगड. उकरायला मूठभर माती नाही की कधी दुसरं कासव दिसलेलं नाही. बिचारी वर्षानुवर्षं अंडी पाण्यात टाकत होती, आणि ती वाया गेलेली अंडी अक्का तुळशीत पुरत होत्या. मला फार वाईट वाटलं. हसले होते त्याचीही लाज वाटली.

एवढ्यात बोळातला गटाराचा पाइप फुटला. घाण पाणी झिरपत झिरपत विहिरीत यायला लागलं आणि एका बाजूचे दगड ढासळले. गवंडी बघून गेला. म्हणाला, भिंत गेली तर घराचा पाया जाईल, संक्रांत झाली की लगेच बुजवू. पाण्याला वास मारू लागला होता. मी घड्याळ लावून बसले. पूर्वी श्वासाला दहादहा मिनिटांनी वर येणारं नाकाड आता दर दोन मिनिटांनी वर येत होतं. भात तसाच तरंगत राहायचा. ती तिथे राहिली तर मरणार होती, विहीर बुजायच्या आधीच.

"मुत्तातांना देवळाच्या कल्याणीत सोडू," अण्णा म्हणाले. कल्याणी म्हणजे देवळापुढचं दगडी पायऱ्यांचं कुंड. "दर शनिवारी जाईन, भात घालीन."

"अण्णा, ती कल्याणीसुद्धा दगडीच आहे. कासवाला माती लागते, चिखल लागतो. खऱ्या तळ्यात सोडायला हवं."

"रानातल्या चिखलात? आजोबांना? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

मी गप्प बसणाऱ्यातली नव्हते. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता वनखात्याच्या कचेरीत गेले. तिथे एका वयस्क गार्डने माझी मोडकीतोडकी कानडी शांतपणे ऐकून घेतली. मग तो म्हणाला, "अम्मा, ही आमे, हे कासव, कायद्यात वाघाच्या यादीत आहे. घरात ठेवता येत नाही." मला वाटलं, आता सगळं घर तुरुंगात! पण त्याने वरिष्ठांना विचारलं, अर्ज लिहून घेतला आणि सांगितलं की मी सोबत येतो, नीट सोडू. तळी बुजताहेत, उरलेल्या तळ्यांत लोक गळ टाकून यांना पकडतात, काही वर्षांनी ही दिसायचीसुद्धा नाहीत, असंही तो म्हणाला. तळं कसं हवं तेही त्याने सांगितलं: काठ मातीचा हवा आणि मासे धरणारे कमी हवेत.

घरी येऊन मी जेवणाच्या वेळी सगळं सांगून टाकलं. अण्णांचा घास हातातच राहिला. "वाघाच्या यादीत? म्हणजे मी इतकी वर्षं घरात वाघ पाळला?" क्षणभर हसले, आणि लगेच भडकले. "कायदा तुझ्या पुस्तकात ठेव! माझ्या आजोबांनी सोडलेलं कासव आहे. मी टायफॉईडने मरायला टेकलो होतो, डॉक्टरांनी हात टेकले होते, तेव्हा मी म्हणायचो, मुत्तात आहेत तोवर मला काही होत नाही. ते राहिले आणि मी राहिलो. त्यांना मी गार्डाच्या हातात देणार नाही. कल्याणीत जातील, नाहीतर विहीर बुजणार नाही. घर पडलं तरी चालेल!"

 अक्का डाव्या हाताने ताक वाढत होत्या. त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"तुमचे मुत्तात कढीपत्त्याखाली आहेत," त्या म्हणाल्या.

कोणालाच कळलं नाही. मलाही नाही.

"तुम्ही तापात होतात. पंचवीस वर्षं झाली. ह्याला तेव्हा दात येत होते," त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बोट केलं. "मी सकाळी पाणी काढायला गेले तर ते उलटे तरंगत होते. तुम्ही दवाखान्यात दर तासाला मला विचारत होतात, मुत्तात दिसले का, मुत्तात दिसले का. काय सांगू? जुन्या लुगड्यात गुंडाळून कढीपत्त्याखाली पुरलं आणि तशीच माझ्या माहेरी गेले. आमच्या घरामागे केरे होती, तळं. तिथल्या मासे धरणाऱ्याकडून त्याच मापाचं दुसरं कासव मागून आणलं. पाटीत बसवून विहिरीत सोडलं. संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, दिसले मुत्तात, भात खाल्ला."

अण्णा अक्कांकडे बघत होते.

"आणि त्याच्या आधीचं तरी आजोबांनी सोडलेलंच होतं की माझ्या सासूबाईंनी बदललेलं, देव जाणे," अक्का म्हणाल्या. "विहिरीवर हात जोडायला पुरुष जातात. आत बघतं कोण?"

अण्णा ताटावरून उठले. हात धुतले, चपला घातल्या आणि दुकानात जाऊन बसले. दोन दिवस ते अक्कांशी एक अक्षर बोलले नाहीत. पाणीसुद्धा माझ्याकडे मागायचे. विहिरीवरही गेले नाहीत. मला वाटलं, झालं, माझ्या चौकसपणाने या दोघांचा संसार मोडला. मी अक्कांपाशी रडले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस. मी खोटं बोलले ते बोलले. पण माणूस वाचला ना? पुन्हा तसं झालं तर पुन्हा बोलेन." पण रात्रीची पानं मांडताना त्यांचेही डोळे पुसलेले दिसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा भाताची मूठ घेऊन विहिरीवर गेले. भात टाकला. हात जोडायला उचलले आणि तसेच खाली सोडले. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन त्यांनी अक्कांना विचारलं, "कुठून आणलं होतंस म्हणालीस?"

"माहेरून."

"मग तिथेच सोडू. ज्याचं घर त्याला. कल्याणी नको."

अक्का चुलीशी होत्या, वळल्या नाहीत. "मी तिकडे गेले नाही कितीतरी वर्षांत," त्या म्हणाल्या. "दादा घर विकून गावाला गेला, मग कशाला जाणार?"

संक्रांतीला आम्ही एळ्ळू-बेल्ल, म्हणजे इकडचा तीळगूळ, वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मुत्तज्जीला वर काढलं. अक्कांनी सांगितलं तसंच केलं. रुंद पाटीला चार बाजूंनी दोर बांधला, पाटीत भात ठेवला, पाटी पाण्याखाली बुडवली आणि वाट बघितली. ती पाटीत शिरली तेव्हा मी आणि नवऱ्याने दोर ओढला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अख्खी पाहिली. हिरवट तपकिरी, पोळपाटाएवढी, ओल्या चामड्यासारखी. डोकं आत घेतलं, मागच्या दोन झापा मिटल्या, आणि मग नुसता एक गोटा उरला. अण्णांनी इतक्या वर्षांत तिचं नाक सोडून काही पाहिलं नव्हतं. ते वाकून बघत राहिले, मग हळूच एका झापेला बोट लावलं. "दार आहे की गं हिला," ते म्हणाले. पहिल्यांदाच 'हिला' म्हणाले.

टबात ओलं गोणपाट घालून, टब अक्कांच्या मांडीवर घेऊन आम्ही तिघं रिक्षाने निघालो; नवरा दुकानावर थांबला. गार्ड जीप घेऊन तिथेच भेटणार होता. शहराच्या उत्तरेला, अक्कांच्या माहेरच्या गावी. रिक्षावाल्याने विचारलं, कुठला क्रॉस? इकडे आडव्या गल्ल्यांना क्रॉस म्हणतात. अक्का म्हणाल्या, क्रॉस कसला, केरेच्या काठाला सोड. तो म्हणाला, "अक्का, केरे कुठे आता इथे?"

तिथे सरळ रेषेत घरं होती, दगडांवर रंगवलेले क्रॉसचे आकडे होते, नव्या जिन्यांवर वाळत घातलेले कपडे होते. अक्का टब घेऊन उतरल्या. डावीकडे गेल्या, परत आल्या, उजवीकडे गेल्या. एका घराच्या फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "इथे पाणी होतं. इथे माझी आई धुणं धुवायची. त्या तिकडे मासे धरणाऱ्यांची होडी." फाटकातून एक बाई बाहेर आली, टबातलं कासव पाहून घाबरून आत गेली. मी अक्कांच्या हातातून टब घ्यायला गेले, पण त्यांनी दिला नाही. प्लास्टरच्या हाताने त्यांनी तो छातीशी धरून ठेवला होता.

अण्णा इकडेतिकडे बघत होते. मग ते म्हणाले, "चल. दुसरं बघू." अगदी हळू आवाजात म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोशी असं बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.

गार्डाला बहुतेक हे आधीच ठाऊक होतं. त्याने आम्हाला जीपमध्ये बसवलं आणि देवनहळ्ळीच्या बाजूला नेलं. तेव्हा तिकडे द्राक्षांचे मळे आणि चकोत्याच्या, म्हणजे पपनसाच्या, बागा होत्या, मैलोन्‌मैल. एका बागेमागे तळं होतं, मोठं नव्हतं, पण काठाला नुसता चिखल, लव्हाळी आणि बगळे. गार्डाने आधी तिला उलटी धरून शेपटी दाखवली. "आखूड आहे. हेण्णू," तो म्हणाला, म्हणजे मादी. अण्णांनी मान हलवली. "माहीत आहे," म्हणाले, आणि मला इतकं हसू आलं की मला बगळे बघितल्यासारखं करावं लागलं.

अण्णांनी धोतर वर खोचलं, चपला काढल्या, टब घेतला आणि चिखलात दोन पावलं टाकली. मग थांबले. मागे वळून अक्कांना म्हणाले, "तू आणलीस. तूच सोड."

अक्का लुगडं सावरत चिखलात उतरल्या. एका हाताने त्यांना जमेना, म्हणून अण्णांनी खालून हात दिला. दोघांनी मिळून तिला काठावर ठेवलं. ती मिटून बसली.  पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला भीती वाटायला लागली की पंचवीस वर्षांनी तिला पाय कशासाठी असतात तेच आठवत नसेल. मग नाक बाहेर आलं. मान लांब झाली, माझी कल्पनाही नव्हती एवढी लांब. मागच्या झापा उघडल्या. समोर हातभर अंतरावर पाणी होतं, पण ती पाण्यात गेलीच नाही. तिथेच चिखल उकरायला लागली. पुढचे पाय, मग मागचे, मग सगळं अंग हलवत हलवत ती खाली खाली गेली, आणि शेवटी चिखलावर फक्त एक फुगवटा उरला. पुस्तकात वाचलं होतं मी हे, चार दुपारी बसून. पण समोर बघताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना.

परतताना जीप नव्हती, गार्डाला पुढे जायचं होतं. आम्ही हमरस्त्यावर येऊन शहराची बस पकडली. अक्का खिडकीशी, शेजारी अण्णा, मी मागच्या सीटवर. मला वाटलं झोपले असतील, पण अण्णा बोलत होते.

"तुमच्या तळ्याला काय म्हणायचे गं?"

लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि त्यांनी हे आज विचारलं. अक्कांनी नाव सांगितलं. अण्णांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

शहर जवळ आलं. बस थांब्यांवर थांबत, माणसं घेत चालली होती. एका ठिकाणी कंडक्टरने तेच नाव मोठ्याने पुकारलं. थांब्याच्या पत्र्यावरही तेच लिहिलेलं. खाली पानाची टपरी, मागे घरांची रांग.

"आलं," अक्का म्हणाल्या. "आलं माझं तळं."

अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग रोज विहिरीवर जोडायचे तसे त्या थांब्याकडे तोंड करून हात जोडले. माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला वाटलं, रस्त्यावर कुठलं तरी देऊळ असणार. त्यानेही जोडले.